इंधनातच इथेनॉल, इंधनातच ऑइल: टू-स्ट्रोक यंत्रं कशी चालवायची

ब्रश कटर चार महिने शेडमध्ये तसाच उभा होता, टाकीत अर्धं इंधन ठेवून. तिसऱ्या ओढीला चालू झाला म्हणून मी खूश. दोन मिनिटं गवत कापलं असेल नसेल, आवाज चढत चढत शिट्टीसारखा बारीक झाला आणि इंजिन कच्चकन थांबलं. पुन्हा दोरी ओढायला गेलो तर दोरी जागची हलेना.

टाकीतलं इंधन काचेच्या बाटलीत ओतलं तेव्हा उलगडा झाला. वरच्या थराला ऑइलचा निळा रंग होता. तळाशी बोटभर जाडीचा दुसरा थर, पाण्यासारखा नितळ, रंगाचा मागमूस नाही. टाकीतल्या नळीच्या टोकाला जो वजनदार फिल्टर असतो तो कायम तळाशी पडून राहतो. म्हणजे ती दोन मिनिटं इंजिन खालचा थर पीत होतं: इथेनॉल, पाणी आणि ऑइल जवळपास शून्य. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे पडले होते.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलला वेगळी वाट नाही. बेअरिंग, पिस्टन, रिंगा या सगळ्यांपर्यंत ते इंधनाच्या पाठीवर बसूनच जातं. त्यामुळे इथेनॉलचा विषय निघाला की लोक पॉवर किती घटेल, ॲव्हरेज किती पडेल हे विचारतात. मी आधी विचारतो, ऑइलचं काय होणार? पुढे जे काही लिहिलंय ते या एका प्रश्नाभोवती फिरतं.

कोणत्या वाटेने जायचंय ते आधी ठरवा

यात दोन अगदी वेगळी कामं आहेत. पहिलं, पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात १० किंवा २० टक्के इथेनॉल असतंच, तर त्यावर चेनसॉ, ब्रश कटर, ब्लोअर, पाठीवरचा पॉवर स्प्रेअर नीट चालवणं. हे सगळ्यांनाच करावं लागतं. दुसरं, मुद्दाम ई-८५ (म्हणजे ८५ टक्के इथेनॉल; ‘ई’नंतरचा आकडा टक्क्यांचा) किंवा जवळपास शुद्ध इथेनॉलवर यंत्र चालवणं. हे हौसेचं काम आहे. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवता येतात असं एखादं जुनं, जास्तीचं यंत्र असेल तरच त्यात पडा. रोजच्या कामाच्या एकुलत्या एक यंत्रावर हा प्रयोग करू नका.

बहुतेक कंपन्या छोट्या टू-स्ट्रोक यंत्रांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतात. अमेरिकेत ई-१५ पेट्रोल गाड्यांसाठी चालतं, पण अशा छोट्या इंजिनांत ते घालायला मनाई आहे. दुसऱ्या टोकाला ब्राझील. तिथल्या साध्या पेट्रोलात २०१५ पासून २७ टक्के इथेनॉल होतं आणि ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झालं. तेव्हा जास्त इथेनॉलने इंजिन मरतंच असं नाही. मात्र कार्ब्युरेटर, नळ्या आणि ऑइल त्या इंधनाला जुळणारे हवेत. यंत्राच्या पुस्तिकेत जी मर्यादा दिलीय तिच्यापुढे गेलात की वॉरंटी गेली असं समजा. कार्ब्युरेटरमध्ये बदल केले तर अनेक ठिकाणी प्रदूषणाचे नियमही आड येतात.

पेट्रोलात इथेनॉल किती, ते स्वतः मोजा

पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा कॅनमध्ये काय आलंय हे महत्त्वाचं. त्यासाठी १०० मिलीची खुणांची काचेची नळी लागते, प्रयोगशाळेत असते तशी. काम उघड्यावर, आगीपासून लांब करायचं.

नळीत बरोबर १० मिली पाणी घ्या. पाण्यात खायच्या रंगाचा एक थेंब टाकला तर रेघ स्पष्ट दिसते. वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, म्हणजे पेट्रोल ९० मिली झालं. हे पेट्रोल ऑइल न मिसळलेलं हवं. बूच लावून मिनिटभर हलवा, मध्ये एकदोनदा बूच सैल करून दाब जाऊ द्या, मग दहा मिनिटं नळी स्थिर ठेवा. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त प्रिय. ते खाली पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो.

समजा खालची रेघ १० वरून २८ वर आली. म्हणजे १८ मिली इथेनॉल ९० मिली पेट्रोलातून निघालं, म्हणजे २० टक्के. रेघ १९ वर थांबली तर १० टक्के. एखाददुसऱ्या टक्क्याचा फरक पडतो, पण ई-१० आहे की ई-२० एवढं नक्की कळतं.

याच युक्तीने सगळ्या पेट्रोलातलं इथेनॉल पाण्याने धुऊन काढायचं आणि वरचं पेट्रोल वापरायचं, असं काही जण करतात. मला ते पटत नाही. इथेनॉल काढलं की पेट्रोलचा ऑक्टेन खाली येतो, थोडा ओलावा मागे राहतो, आणि बादलीभर पेट्रोलमिश्रित पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न उरतोच. इथेनॉल नकोच असेल तर बंद डब्यात मिळणारं अल्किलेट पेट्रोल घ्या. महाग असतं, पण महिनोन् महिने टाकीत राहिलं तरी बिघडत नाही.

यंत्र लीन का होतं

एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला फक्त ९ किलो, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई-१० ला सुमारे १४.१, ई-२० ला १३.५, ई-८५ ला ९.८.

गाडीत सेन्सर असतो, तो हे ओळखून इंधन वाढवतो. ब्रश कटरच्या कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. तो भोकातून जाईल तेवढं इंधन देतो. म्हणून स्क्रू तसेच ठेवून ई-२० घातलं की मिश्रण साधारण ८ टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लीन इंजिन जास्त फिरतं, जास्त तापतं आणि त्याच वेळी त्याला ऑइलही कमी मिळतं. आवाज छान मोकळा येतो, पिकअप जोरदार वाटतो. यंत्र मरायच्या आधी असं झकास चालतं, हीच त्यातली फसगत.

ई-१० ने होणारा चारएक टक्क्यांचा फरक नीट लावलेलं यंत्र सहसा पचवतं. ई-२० ला मात्र स्क्रूला हात लावावाच लागतो.

ऑइल मिसळताना

ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं घ्या. डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ-एल-ईजीडी ही प्रत लिहिलेली असते. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, ते इथे नको. गाडीचं फोर-स्ट्रोक ऑइल तर नकोच नको.

प्रमाण पुस्तिकेत असेल ते. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५, २५:१ म्हणजे ४० मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका. औषधाची सिरिंज किंवा खुणांचा प्याला ठेवा. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. कॅनवर तारीख लिहा. यंत्रात ओतण्याआधी दर वेळी कॅन हलवायचा, कालच मिसळलेलं असलं तरी.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. इथेनॉल आहे म्हणून थोडं जास्तीचं ऑइल घालू, असं लोक म्हणतात. पण ऑइल वाढलं की त्याच भोकातून जाणाऱ्या इंधनात प्रत्यक्ष जळणारं पेट्रोल तेवढं कमी होतं. ऑइल वाढवून यंत्र आणखी लीन होतं, रिच (म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त) नाही. लीनपणावर उपाय स्क्रूमध्ये आहे, ऑइलच्या डब्यात नाही.

मिसळा तेवढंच, जेवढं महिनाभरात संपेल.

कार्ब्युरेटर लावणं

बहुतेक टू-स्ट्रोक यंत्रांवर तीन स्क्रू असतात. एल म्हणजे कमी वेगाचं इंधन, एच म्हणजे पूर्ण वेगाचं इंधन, आणि तिसरा, टी किंवा एलए लिहिलेला, फक्त रेस, म्हणजे ट्रिगर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग, कमी-जास्त करतो. एल आणि एच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवले की इंधन वाढतं. काहींवर प्लास्टिकच्या टोप्या असतात, स्क्रू अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरू नये म्हणून. काही नव्या चेनसॉ स्वतःच मिश्रण जुळवतात. त्यांना स्क्रूच नसतात आणि ई-१०, ई-२० च्या फरकासाठी त्यांच्यात काही करावंही लागत नाही.

सुरुवातीला एअर फिल्टर झाडून घ्या. घाणेरड्या फिल्टरवर लावलेलं सेटिंग फिल्टर बदलला की लीन होतं. मग ताजं इंधन भरा. यंत्र बंद असताना एल हलक्या हाताने आत फिरवा आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. जोर लावू नका, टोकदार सुई असते, आवळली की बसायची जागा खराब होते. तोच प्रकार एचचा. कारखान्याचं सेटिंग बहुधा दोन्हीकडे एक फेरा किंवा त्याच्या आसपास असतं. दोन्ही स्क्रू मूळ जागी आणा आणि तिथून पाव फेरा जास्त उघडा. रिचकडून लीनकडे यायचं, उलटं नाही. रिच असलं तर धूर होईल, प्लग ओला होईल. लीन असलं तर पिस्टन जाईल.

यंत्र चालू करून चारपाच मिनिटं गरम करा. मग आधी एल. हळूहळू आत-बाहेर करत रेस सर्वात जास्त कुठे येते ती जागा शोधा, आणि तिथून एक अष्टमांश ते पाव फेरा उघडा. ट्रिगर झटक्यात दाबून बघा. इंजिन दचकून बसत असेल तर एल आणखी थोडा उघडायचा. मग टी स्क्रूने रेस एवढी ठेवा की चेन किंवा ब्लेड जागेवर फिरत नाही.

आता एच, आणि इथे कान लागतात. पूर्ण ट्रिगर दाबा, पण भाराशिवाय चारपाच सेकंदांपेक्षा जास्त नको. ब्रश कटरला दोरा पूर्ण लांबीचा आणि गार्ड बसवलेला असू द्या, नाहीतर वेग खोटा येतो. मिश्रण रिच असेल तर आवाज फडफडता, अडखळता येतो, जणू इंजिन एक ठोका सोडून चाललंय. एच थोडा थोडा आत घ्या. फडफड कमी होत जाते आणि एका जागी आवाज एकदम स्वच्छ, सलग होतो. तिथे मोह आवरायचा. परत इतका उघडा की भाराशिवाय हलकी फडफड ऐकू येईल आणि लाकडात किंवा दाट गवतात घातल्यावर ती बंद होईल. भार घेतल्यावरही फडफडत असेल तर जास्त रिच आहे. टॅकोमीटर (इंजिनाचा वेग मोजायचं मीटर) असेल तर पुस्तिकेतल्या कमाल वेगाच्या वर जाऊ देऊ नका.

साध्या पेट्रोलावर लावलेल्या यंत्राला ई-२० साठी माझ्या अनुभवात एच एक अष्टमांश ते पाव फेरा जास्त लागतो. टोपीमुळे तेवढं फिरत नसेल आणि फडफड आणताच येत नसेल, तर ते यंत्र ई-२० वर जोरात वापरू नका.

प्लगचा रंग बघून ठरवायची जुनी सवय इथे जपून वापरा. इथेनॉल स्वच्छ जळतं, प्लग नेहमीपेक्षा फिकट दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो.

एक खूण मात्र विसरू नका. ट्रिगर सोडल्यावर रेस खाली यायला वेळ लावत असेल, किंवा यंत्र तिरकं केलं की आपोआप वाढत असेल, तर स्क्रूशी खेळत बसू नका. कुठूनतरी हवा ओढली जातेय: कार्ब्युरेटर आणि सिलेंडरमधला रबरी बूट, गॅस्केट, नाहीतर क्रँकचं ऑइल सील. आधी ती गळती काढायची.

पाणी आणि साठवण

सुरुवातीला सांगितलेला तो तळाचा थर कसा तयार होतो? इथेनॉल ओलावा धरून ठेवतं, तोपर्यंत सगळं एकजीव असतं. पण त्याला मर्यादा आहे. साधारण १५ अंशांना ई-१० पेट्रोल लिटरला ५ मिलीच्या आसपास पाणी सामावून घेतं. त्यापुढे एक थेंब जास्त झाला, किंवा पाणी तेवढंच राहून रात्री गारठा वाढला, की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून तळाशी जातात. ऑइल पेट्रोलबरोबर वर राहतं. एकदा फुटलेलं इंधन हलवून पुन्हा जुळत नाही. ते टाकाऊच.

हवेतून येणारं पाणी हळूहळू येतं. पटकन येतं ते ओल्या नरसाळ्यातून, सैल झाकणातून, पावसात उघड्यावर राहिलेल्या कॅनमधून. म्हणून कॅन गच्च बंद होणारा हवा, सावलीत ठेवायचा, आणि शक्यतो भरलेला. अर्धा रिकामा कॅन दिवसा फुगतो, रात्री आक्रसतो आणि दर वेळी बाहेरची हवा आत घेतो.

महिन्याहून जास्त वेळ यंत्र लागणार नसेल तर टाकी रिकामी करा. प्रायमर बल्ब, म्हणजे इंधन ओढायचा रबरी फुगा, दाबून नळीतलं इंधन काढा. यंत्र चालू करून रेसवरच बंद पडू द्या, मग चोक लावून आणखी दोनतीनदा ओढा. त्याहून चांगलं म्हणजे शेवटचा घोट अल्किलेट पेट्रोल आणि ऑइलचा पाजायचा. कार्ब्युरेटरमधले डायफ्राम, म्हणजे पातळ लवचीक पडदे, पूर्ण कोरडे पडून कडक होत नाहीत आणि इथेनॉलही आत राहत नाही. दर वेळी बंद करताना एवढी दहा मिनिटं दिलीत तर वरचे निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

साठवलेलं मिश्रण वापरण्याआधी थोडं काचेच्या बाटलीत ओतून उजेडासमोर धरा. सगळीकडे एकसारखा रंग आणि स्वच्छ दिसलं तर चालेल. गढूळ असेल किंवा तळाशी रेघ असेल तर नाही.

नळ्या, बल्ब, डायफ्राम

इथेनॉल काही रबरं फुगवतं आणि वाळल्यावर कडक करतं. जस्ताच्या आणि ॲल्युमिनियमच्या भागांवर ओलाव्याबरोबर पांढरी पूड धरते. जुन्या यंत्रात सगळ्यात आधी जातात ती इंधनाची नळी, टाकीत नळी घुसते तिथलं रबर आणि प्रायमर बल्ब. मग कार्ब्युरेटरचे डायफ्राम ताठ होतात आणि यंत्र फक्त चोकवर चालतं.

बदलताना इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या. फ्लोरोइलास्टोमर, म्हणजे बाजारात व्हायटन म्हणतात ते, सगळ्यात टिकतं. साधं नायट्राइल इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात फुगतं. कार्ब्युरेटरवर कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून डायफ्रामचं किट मिळतं.

शंका असेल तर नळीचे सारख्या लांबीचे दोन तुकडे कापा. एक बंद बरणीत त्याच इंधनात बुडवा, दुसरा कोरडा ठेवा. आठवड्याने शेजारी शेजारी धरा. बुडवलेला तुकडा डोळ्याला लांब दिसला, हाताला चिकट किंवा लिबलिबीत लागला, तर ती नळी यंत्रात नको.

आणखी एक. इथेनॉल जुन्या टाकीतला राळेसारखा मळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पहिल्या दोनतीन टाक्यांनंतर टाकीतला फिल्टर बदला.

आता मुद्दाम इथेनॉलवर

ई-८५ किंवा शुद्ध इथेनॉलवर जायचं तर सगळं गणित मोठं होतं. त्याच कामाला शुद्ध इथेनॉल आकारमानाने दीडपटीहून थोडं जास्त, साधारण १.५४ पट लागतं. भोकातून दीडपट इंधन जायचं तर भोकाचा व्यास सुमारे २४ टक्के वाढवावा लागतो: ०.५० मिलिमीटरचा जेट (इंधन सोडणाऱ्या भोकाचा सुटा भाग) असेल तर ०.६२ चा. ई-८५ साठी साधारण ०.६०. ठरावीक जेट असलेल्या कार्ब्युरेटरला दुसरा जेट घ्या; पिनने किंवा हाताने भोक मोठं करायच्या फंदात पडू नका, ते गोल राहत नाही. स्क्रूच्या डायफ्राम कार्ब्युरेटरला टोप्या काढून एच आणि एल सुरुवातीला दोन फेऱ्यांपर्यंत उघडा आणि वर सांगितलं तसंच कानाने खाली या. स्क्रू पूर्ण उघडूनही फडफड येत नसेल तर तो कार्ब्युरेटर इथेनॉलला छोटा पडतो, विषय संपला. टाकी पेट्रोलच्या मानाने दोनतृतीयांश वेळातच रिकामी होईल, हेही धरून चाला.

इथेनॉल कुठलं? पाणी नसलेलं सगळ्यात बरं. पाण्यासकटचं, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपासचं, एकटं जळतं. पण त्यात पेट्रोल ओतलं की थर पडायचा धोका असतो. रंगकामाचं स्पिरिट, सॅनिटायझर हे सोडून द्या. एकात मिथेनॉल आणि काय काय मिसळलेलं असतं, दुसऱ्यात पाणी, ग्लिसरीन आणि घट्टपणासाठीचे पदार्थ.

ऑइलचं प्रकरण इथे सगळ्यात बिकट. नेहमीचं खनिज टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलात विरघळायला बनवलेलं असतं. इथेनॉलमध्ये ते दुधासारखं पांढरं होतं आणि खाली बसतं. इथेनॉलमध्ये नीट विरघळतं ते एरंडेल. म्हणूनच मिथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या इंजिनांत ते पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. पण इंजिनासाठी शुद्ध केलेलं एरंडेल घ्या किंवा अल्कोहोल इंधनासाठी असं स्पष्ट लिहिलेलं ऑइल. एरंडेलचा धूर गोडसर वासाचा असतो, नाकाला बरा वाटतो, पण मागे चिकट थर सोडतो. रिंगा आणि एक्झॉस्टचं तोंड अधूनमधून साफ करावं लागतं. पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणात, विशेषतः थंडीत, एरंडेल उलट नीट विरघळत नाही. म्हणजे एकाच डब्यातलं ऑइल दोन्हीकडे वापरता येत नाही.

बरणीची परीक्षा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. काचेच्या बरणीत २०० मिली इंधन आणि हिशोबाचं ऑइल घाला, हलवा, झाकण घट्ट लावा आणि आगीपासून लांब, गार जागी २४ तास ठेवा. आरपार दिसलं तरच पास.

प्रमाणाबद्दल एक हिशोब सांगतो, तो सहसा कुणी करत नाही. इंधन दीडपट जातं म्हणजे त्यातलं ऑइलही दीडपट जातं. ५०:१ चं मिश्रण इथेनॉलवर चालवलं तर इंजिनाला पेट्रोलवरच्या ३२:१ एवढं ऑइल मिळतं. तरीही मी ३२:१ च ठेवतो, लिटरला ३१ मिली. कारण गार इंजिनात इथेनॉल नीट वाफ न होता ओलंच आत शिरतं आणि सिलेंडरवरचा ऑइलचा पापुद्रा धुऊन काढतं.

याच कारणाने ते गारठ्यात चालूही होत नाही. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि १५ अंशांच्या खाली ठिणगीला पुरेल एवढी वाफच तयार होत नाही. छोट्या बाटलीत पेट्रोल आणि ऑइलचं नेहमीचं मिश्रण ठेवा. कार्ब्युरेटरच्या तोंडात एक-दोन मिली टाका आणि दोरी ओढा. ईथरचा स्प्रे मारू नका, त्यात ऑइल नसतं. चालू झाल्यावर भार देण्याआधी चांगलं गरम होऊ द्या. दमट, गार हवेत कार्ब्युरेटरला बाहेरून घाम फुटलेला, कधी दव गोठलेलं दिसेल. त्यात काही बिघाड नाही, वाफ होताना इथेनॉल धातूची उष्णता ओढतं एवढंच.

काम झालं की इथेनॉल इंजिनात ठेवून जायचं नाही. टाकी रिकामी करा, थोडं पेट्रोलचं मिश्रण घाला, फडफडत का होईना दोन-तीन मिनिटं चालवा आणि बंद पडू द्या. स्क्रू इथेनॉलसाठी उघडलेले असल्याने भरपूर धूर होईल, होऊ दे. क्रँकच्या बेअरिंगमधला ओलावा जाऊन तिथे ऑइल बसणं महत्त्वाचं. हे एकदा चुकलं तर दुसऱ्या आठवड्यात बेअरिंगवर गंज दिसतो.

आग

शुद्ध इथेनॉलची ज्वाळा फिकट निळी असते, भर उन्हात दिसतच नाही. सांडलेलं पेटलं तर आधी हाताला चटका बसतो, मग कळतं. शिवाय एक गोष्ट पेट्रोलची सवय असलेल्याला माहीत नसते. बंद टाकीत पेट्रोलची वाफ नेहमीच्या तापमानाला इतकी दाट असते की ती ठिणगीने सहसा पेटत नाही. इथेनॉलची वाफ साधारण १३ ते ४० अंशांत नेमकी पेटण्याजोगी असते, टाकीच्या आतसुद्धा. त्यामुळे इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही. भरल्यावर सांडलेलं पुसायचं, कॅन बंद करायचा, आणि तिथून किमान तीन मीटर लांब जाऊन दोरी ओढायची. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, शेडच्या आत नाही, दाराबाहेर.

माझ्या त्या ब्रश कटरला नवा सिलेंडर आणि पिस्टन बसवला. जुना पिस्टन शेडमध्ये कॅनच्या फळीवर ठेवलाय, ओरखडे पुढे करून, इंधनाच्या बाटलीच्या शेजारी.